नाव घ्यायचं तर

आमच्या मराठवाड्यात देवाच्या नावाचं मोल कुणी कुणाला नव्यानं शिकवावं अशी वेळच येत नाही. नामदेवांचं नरसी हिंगोलीकडं, जनाबाईंचं गंगाखेड परभणीकडं, गोरोबाकाकांचं तेर धाराशिवकडं आणि पैठणला नाथ. सगळे नाम घेणारे आणि नाम घ्या म्हणून जीव तोडून सांगणारे. पहाटे मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यात हरिपाठ लागायचा तेव्हा आमच्या घरात आजी चुलीपुढं बसून ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन म्हणत असायची, दोन्हीची चाल कधी कधी एकमेकीत अशी मिसळायची की मला लहानपणी वाटायचं हे एकच गाणं आहे आणि दोन घरांत वाटून घेतलंय. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो असं ते म्हणायचे, आणि मराठवाड्यात वाढलेल्या ख्रिस्ती माणसाला हे समजून घ्यायला फार डोकं चालवावं लागत नाही. गल्लीतच बघा ना, रामराम, रामकृष्ण हरी, जय भीम, सलाम वालेकुम, आणि आमची माणसं भेटली की सलाम, हल्ली जय ख्रिस्त. कुणाचं तरी नाव घेतल्याशिवाय इथं माणूस माणसाला भेटतच नाही.

मग असं असताना आपल्याला बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी तिसरी आज्ञा एवढी सोपी का वाटते, हा प्रश्न माझ्या मनात बरेच दिवस आहे.

तिसरी म्हणतेय मी आमच्या मोजणीनं, कॅथलिक मैत्रिणी तिलाच दुसरी म्हणतात. आज्ञा एकच, परमेश्वराचं नाव व्यर्थ घेऊ नको. चर्चमधल्या मुलांच्या शब्बाथ शाळेत आम्ही ती पाठ केली आणि तिचा अर्थ काय तर शपथा घालू नका, एवढंच आमच्या डोक्यात बसलं. आईशप्पथ, देवाशप्पथ, गळ्याशप्पथ, विद्येशप्पथ, आणि आमच्यातली पोरं त्यावर कडी करून बायबलशप्पथ. शेंगदाण्याच्या वाटणीवरून बायबलशप्पथ, गोट्या चोरल्या नाहीत म्हणून बायबलशप्पथ. आजीच्या कानावर गेलं की ती सूप बाजूला ठेवायची. "कामून घेतो रे नाव उगंच? त्यो काय तुपला सालगडी हाय का, हाक मारली की धावत यायला?"

आजीला अक्षर येत नव्हतं. पण नाव कसं घ्यायचं हे मी तिच्याकडूनच बघितलं, कुठल्या पुस्तकात नाही. कापूस वेचायला गेलो की दुपारी बांधावर भाकरी सोडायची, तर आधी हात धुवायचे, पदर डोक्यावर घ्यायचा, बाकीच्या बाया गप्पा मारत असल्या तरी ही आपली डोळे मिटून म्हणायची, "बापा," आणि थांबायची. पुढचं लगेच यायचं नाही. मला भूक लागलेली असायची, वाटायचं आता म्हण ना पुढं. पण ती थांबायची म्हणजे थांबायची, जणू समोरच्यानं वर बघितलं का, ऐकायला लागला का, ह्याची खात्री करून घेतल्याशिवाय बोलायचंच नाही. आणि मग चार वाक्यं. पाऊस दे, पोराला सांभाळ, ह्या भाकरीला आशीर्वाद दे, ज्याला नाही त्याला पण दे. आमेन. आता आमच्या सभांमध्ये प्रभू प्रभू प्रभू असं एका श्वासात दहादा म्हणतात, वाक्य सुचेपर्यंत मधल्या जागा भरायला प्रभू, आणि मला दर वेळी ती बांधावरची म्हातारी आठवते, जिला एकदा म्हटलं की पुरायचं.

पोरं मोबाईलवर ओएमजी टाइप करतात, काहीतरी सांडलं की जीझस म्हणून ओरडतात, सिरीयल आणि रील्समधून शिकलेलं आहे ते. मी घरात थांबवते. रागावून नाही, पण थांबवते, कारण तोंडाला जे वळण लागतं तेच मनाला लागतं असं मला खरंच वाटतं. मात्र सगळा जोर तिथंच लावून मोठी माणसं मोकळी होतात, आणि पोरांना बोलून झालं की आज्ञा पाळली असं समजतात, हे मला पटत नाही. पोरांच्या तोंडून नाव निसटतं. आपण मोठे ते विचार करून वापरतो.

ज्यू लोकांचं बघा. ज्यांना ही आज्ञा पहिल्यांदा मिळाली त्यांनी ती कशी घेतली, तर देवाचं ते चार अक्षरी नाव उच्चारणंच हळूहळू बंद केलं. शास्त्र वाचताना ते नाव आलं की अदोनाय म्हणजे प्रभू म्हणायचं. प्रायश्चित्ताच्या दिवशी यरुशलेमच्या मंदिरात मुख्य याजक ते नाव उच्चारायचा आणि अंगणातले लोक ऐकताच जमिनीवर पालथे पडायचे. इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं तेव्हा तोही उच्चार थांबला. आणि ज्या कागदावर नाव लिहिलंय तो कागद ते फेकत नाहीत, सभास्थानात एका खोलीत साठवतात, मग पुरतात. कैरोच्या एका जुन्या सभास्थानात अशी खोली होती, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती अभ्यासकांच्या हाती आली तेव्हा लाखो तुकडे निघाले, शास्त्राचे तर होतेच पण व्यापाराची पत्रं, हिशेब, लग्नाचे करार पण होते, कारण पत्राच्या माथ्यावर देवाचं नाव असायचं ना. हिशेबाचा कागद सुद्धा कचऱ्यात नाही. २००८ साली व्हॅटिकननंही सगळीकडच्या बिशपांना लिहून कळवलं की उपासनेत आणि गीतांत ते हिब्रू नाव उच्चारू नका, त्याच्या जागी प्रभू म्हणा.

आता आपण तसं करावं असं मी म्हणत नाही. येशूनं आपल्याला देवाला बाप म्हणायला शिकवलं, आणि बापाला हाक मारायला भ्यायचं कशाला. पण त्याच प्रार्थनेत, बाप म्हटल्यावर पहिलं मागणं काय आहे? तुझे नाव पवित्र मानले जावो. भाकरीच्या आधी. क्षमेच्या आधी. आम्ही हे रोज म्हणतो आणि इतक्या वेगात म्हणतो की भाकरीवर येऊनच दम घेतो.

आणि कागदाचं म्हणाल तर आपल्याकडं काय चाललंय. लग्नपत्रिकेवर वचन, वाढदिवसाच्या बॅनरवर वचन, तिसऱ्या दिवशी तोच फ्लेक्स गोठ्यावर पत्र्याच्या जागी बांधलेला किंवा नालीत. ख्रिसमसला चौकात लागणाऱ्या फ्लेक्सवर तर नगरसेवकाचा चेहरा हा एवढा मोठा, भावी नेत्यांच्या फोटोंच्या रांगा, आणि कोपऱ्यात तळहाताएवढा येशू. शुभेच्छुक अमुक मित्रमंडळ. कुणाचं नाव पवित्र मानलं जावो म्हणून हा फ्लेक्स लावलाय, सांगा बरं. व्हॉट्सॲपवर तर विचारूच नका, हा मेसेज अकरा जणांना पाठवा, सायंकाळपर्यंत चांगली बातमी येईल, दुर्लक्ष केलं तर नुकसान होईल, खाली येशूचा फोटो आणि आमेन टाइप करा. देवाचं नाव घालून माणसाला भीती दाखवायची, आणि हे पाठवणारी आपलीच भक्त माणसं, मावशी, काका, मंडळीचे वडील. मी आता सरळ लिहिते ग्रुपवर, मावशी, हे नका पाठवत जाऊ, देव असा धमक्या देत नसतो. काही जणांना राग येतो. येऊ द्या.

आमच्या काही घरांत फाटलेलं बायबल रद्दीत देत नाहीत, म्हाताऱ्या माणसाचं बायबल त्याच्या पेटीत त्याच्याबरोबर ठेवतात. कागदाला स्वतःचं पावित्र्य नसतं हे मला माहीत आहे, तरी मला ही रीत आवडते.

शपथेचं अजून थोडं सांगायचंय. माझे एक मामा मोंढ्यात मुनीम होते, सोयाबीन, तूर, कापूस, सगळ्या मालाची वजनं त्यांच्या वहीत. मोंढ्यात शपथेला तोटा नाही, काटा बरोबर आहे देवाशप्पथ, भाव हाच आहे पोराशप्पथ. मामा कधीच शपथ घेत नसत. डोंगराच्या प्रवचनात, मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो शपथ वाहूच नका, तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही एवढंच असू द्या. मामा तेवढंच म्हणायचे, पंचवीस पायलीचं बोलायचे तर पंचवीस, कमी भरलं तर कमी. शेतकरी दुसऱ्या आडतीवर भांडण झालं की म्हणायचे, चला त्या ख्रिश्चन मुनीमाला विचारू, तो शपथ खात नाही. मला ह्याच्यात फार मोठी गोष्ट दिसते. शपथ लागते कुणाला, तर ज्याचं साधं बोलणं पुरत नाही त्याला. म्हणजे देवाला साक्षीला ओढायचं ते आपल्या शब्दाला पत नाही म्हणून, आणि तो बिचारा... नाही, बिचारा नाही म्हणणार, पण त्याचं नाव आपण आपल्या कर्जाला जामीन लावतो, त्याला न विचारता.

कोर्टात काय करायचं असं आमच्याकडं लोक विचारतात. कायद्यानं अडचण काही नाही, १९६९ च्या शपथ कायद्यानुसार साक्षीदार देवाच्या नावानं शपथ घेऊ शकतो किंवा नुसती गंभीरपणे प्रतिज्ञा करू शकतो, दोन्हीला वजन सारखंच. वेगवेगळ्या चर्चची मतं मात्र वेगळी राहिली. अँग्लिकनांच्या, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, श्रद्धेच्या ३९ कलमांतलं शेवटचं कलम म्हणतं की न्यायाधीशानं सांगितलं आणि गोष्ट खरी असली तर शपथेला हरकत नाही, आणि क्वेकर पंथाच्या लोकांनी तर इंग्लंडमध्ये शपथ घेणार नाही म्हणून तुरुंग सोसला. मामा एकदा जमिनीच्या दाव्यात साक्षीला गेले तेव्हा त्यांनी प्रतिज्ञाच केली, आणि घरी येऊन जेवताना म्हणाले की खरं सांगायला एवढं पुरतं.

पण हे सगळं झालं वरचं वरचं. मला जे खरं बोलायचंय ते पुढं आहे.

देवाचं नाव व्यर्थ घेतलं जातं ते सगळ्यात जास्त भक्तीच्या वाक्यांत, असं माझं आता ठाम मत झालंय. "देवाची इच्छा." किती पटकन म्हणतो आपण. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप, गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपली होती, पहाटे चारच्या सुमारास दगडामातीची घरं त्यांच्यावरच आली, हजारो माणसं गेली. घरं का पडली, तर जाडजूड दगडी भिंती मातीत रचलेल्या आणि माळवदाचं ओझं वर. हे नंतर इंजिनिअरांनी सांगितलं. पण त्याच्या आधी किती जणांनी देवाचं नाव घेऊन कारण सांगून टाकलं, कोप झाला, पाप भरलं, आणि त्यात आपली माणसं पण होती, मी लहान होते तरी ऐकलेलं आठवतं. ढिगाऱ्याखालून काढलेल्या लेकराबद्दल देवाच्या वतीनं बोलायचा अधिकार कुणी दिला होता? बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात, लेकरं आणि सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र हेच करतात, पानंच्या पानं देवाची बाजू मांडतात, भाषा सगळी धार्मिक, आणि शेवटी ४२ व्या अध्यायात देव त्यांनाच म्हणतो की माझ्याविषयी तुम्ही जे बरोबर ते बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. ईयोबानं तर आरडाओरडा केलेला असतो, भांडलेला असतो. भांडणाऱ्यानं नावाचा मान ठेवला आणि समर्थन करणाऱ्यांनी घालवला, हे वाचून मी दर वेळी हलते.

आमच्या ओळखीतल्या एका तरुण बाईचा नवरा गेला. कर्ज होतं, दोन वर्षं कापूस गेला होता, फवारणीचं औषध घेतलं त्यानं. प्रार्थनेला जमलेल्यांपैकी एक जण तिला म्हणाले, ताई, देवाची योजना होती, त्यानं त्याला बोलावून घेतलं. ती काहीच बोलली नाही, फक्त मांडीवरचं पोरगं घट्ट धरलं. त्याच घरात कोपऱ्यात एक म्हाताऱ्या बायबल बाई बसल्या होत्या, आयुष्यभर बायबल वाचून दाखवत गावोगाव फिरलेल्या. लोक गेल्यावर त्या राहिल्या, रात्री पिठलं टाकलं, पोराला भरवलं, आणि झोपायच्या आधी एवढंच म्हणाल्या, "प्रभू, ही इथं आहे. तू पण इथंच राहा." कारण सांगितलं नाही, योजना सांगितली नाही. आजीसारखंच एकदाच नाव घेतलं.

२०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा पण हेच. देवानं पाऊस रोखला म्हणायला सोपं असतं, पण धरणातलं पाणी कुठं गेलं, बोअर किती खोल गेले, ऊस किती लावला, हे प्रश्न विचारायला नकोत म्हणून पण देवाचं नाव पुढं करता येतं. मला वाटतं ते पण व्यर्थ घेणंच.

दुसरं वाक्य, "प्रभूनं मला सांगितलं." स्थळ घेऊन येणारे म्हणतात प्रभूनं दाखवलं की तुमची मुलगी आमच्या घरात यावी. आता मुलीनं नाही म्हणायचं तर कुणाला नाही म्हणायचं, मुलाला की प्रभूला? कमिटीच्या निवडणुकीत म्हणतात, मी उभा राहणार नव्हतो पण प्रभूची तशी आज्ञा झाली. मीटिंगमध्ये वाद रंगला की एक जण डोळे मिटून म्हणतो मला आत्म्यात असं वाटतंय, आणि विषय बंद, कारण आता कोण बोलणार पुढं. देव बोलत नाही असं मी अजिबात म्हणत नाही, माझ्या स्वतःच्या आयुष्यात मला त्याचा आधार मिळालाय आणि त्यावर माझा विश्वास आहे. पण यिर्मयाच्या २३ व्या अध्यायात देव अशा संदेष्ट्यांवर किती चिडलेला आहे ते वाचा, मी ह्यांना पाठवलं नाही तरी हे धावले, मी बोललो नाही तरी ह्यांनी संदेश दिला. आपल्या मताखाली देवाची सही करायची, हे खोट्या सहीपेक्षा वेगळं काय आहे. साधं म्हणावं ना, मला असं वाटतं. मला तुमची मुलगी आवडली. मला सेक्रेटरी व्हायचंय. त्यात लाज काय.

तिसरं, आजाराचं. येशूच्या नावात बरा हो, हे आपण म्हणतो आणि म्हणावंच, माझा प्रार्थनेवर पूर्ण भरवसा आहे. पण काही ठिकाणी ते नाव मंत्रासारखं चालवतात, जोरात म्हटलं की जास्त शक्ती, आणि गोळ्या बंद करा म्हणजे विश्वास. शुगरच्या पेशंटनं गोळ्या बंद केल्यावर काय होतं ते माझ्या मावशीनं बघितलंय, ती मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. तिथं ऑपरेशनच्या आधी डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय सगळे हात बांधून प्रार्थना करायचे, आणि पोट शिवायच्या आधी कापसाचे बोळे आणि अवजारं मोजायचे, मोजणी जुळल्याशिवाय पुढं नाही. मावशी म्हणते, मोजलं नसतं तर ती प्रार्थना खोटी झाली असती. प्रेषितांच्या कृत्यांत १९ व्या अध्यायात स्किवाच्या मुलांची गोष्ट आहे, येशूशी ओळख नाही पण पौल ज्याचं नाव घेतो त्याच्या नावानं म्हणून भुतं काढायला गेले, तर भूत म्हणालं येशू मला माहीत आहे, पौल मला माहीत आहे, तुम्ही कोण? आणि त्या माणसानं त्यांना उघडंबोडकं पळवून लावलं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो भाग.

बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा १९ वा अध्याय काढा. १२ व्या वचनात आहे, माझ्या नावानं खोटी शपथ वाहू नको, आपल्या देवाच्या नावाला बट्टा लावू नको. लगेच खाली १३ वं, शेजाऱ्याला लुबाडू नको, मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याकडं ठेवू नको. एका खाली एक. शब्बाथ शाळेत आम्हाला १२ वं शिकवलं, १३ वं त्याला लागून आहे हे कुणी दाखवलं नाही. आणि यिर्मया ३४ तर त्याच्याही पुढं जातं. सिद्कीया राजाच्या काळात यरुशलेमला वेढा पडला तेव्हा घाबरून सगळ्यांनी देवासमोर करार केला, आपले हिब्रू दास मोकळे केले, आणि मग धोका थोडा टळल्यासारखा झाल्यावर तीच माणसं परत पकडून आणली. तिथं देव म्हणतो, तुम्ही माझ्या नावाला बट्टा लावला. त्या माणसांनी कुठली शिवी दिली नव्हती, कुठलं अभद्र बोलले नव्हते. सोडलेला माणूस परत राबायला धरला, एवढंच, आणि देवाचं नाव बाटलं.

हे मी बीडकडच्या माणसांसमोर वाचते तेव्हा लोक खाली बघतात. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, ट्रकमध्ये संसार, लेकरं, शेळी, कोंबड्या, मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत नवराबायकोचा कोयता त्याचा. पट्टा पडला म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, हिशेब झाला, तर उचल फिटलीच नाही म्हणे, बाकी निघाली, पुढच्या सालालाही तुम्हीच यायचं. आमच्यातली माणसं ह्यात दोन्हीकडं आहेत, कोयत्यावर पण आणि वहीवर पण. अशाच एका वहीवाल्याची साक्ष मी ऐकलीय, प्रभूनं मला आशीर्वादित केलं, गाडी दिली, घर बांधून दिलं, हालेलूया, आणि मागं बाकड्यावर त्याच्याच टोळीतलं एक जोडपं बसलं होतं. बाई टाळ्या वाजवत नव्हती. पौल रोमकरांना लिहितो की तुमच्यामुळं परराष्ट्रीयांत, म्हणजे ज्यू नसलेल्या लोकांत, देवाच्या नावाची निंदा होते. मला तर त्या दिवशी परराष्ट्रीय शोधायची गरज पडली नाही, निंदा चर्चच्या आतच चालली होती आणि तिला चाल लावलेली होती.

जालन्याजवळ बेथेल आहे. नारायण शेषाद्री, ब्राह्मण घरातले, १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले, पुढं जालन्याला आले आणि निजामाच्या राज्यात ख्रिस्ती झालेल्या लोकांसाठी त्यांनी हे गाव वसवलं. बहुतेक सगळे मांग समाजातले, ज्यांना गावात कुणी धड नावानं हाक मारत नव्हतं. अशा लोकांच्या गावाला नाव काय दिलं तर बेथेल, देवाचं घर, याकोबानं उशाला दगड घेऊन झोपलेल्या जागेला दिलं होतं तेच. मी तिथून जाते तेव्हा माझ्या डोक्यात हेच येतं की ज्यांच्या नावाला समाजानं शिवी करून टाकलं होतं त्यांच्या पत्त्यात देवानं आपलं नाव लिहू दिलं. नव्या करारातल्या दुसऱ्या एका याकोबाच्या पत्रात तिसऱ्या अध्यायात आहे, त्याच जिभेनं आपण पित्याचा धन्यवाद करतो आणि त्याच जिभेनं देवाच्या प्रतिरूपात घडवलेल्या माणसांना शाप देतो. म्हणजे जातीवरून शिवी देणारा माणूस, कामवालीला अगं ए म्हणणारी बाई, रविवारी कितीही गोड आवाजात गाऊ दे, तिसरी आज्ञा तिथंच मोडलेली असते.

नावात काय असतं हे मराठवाड्याला सांगायची गरज नाही खरं तर. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला आणि १४ जानेवारी १९९४ ला ते नाव लागलं, मधली साडेपंधरा वर्षं, जळालेली घरं, गेलेली माणसं, लाँग मार्च. एका नावासाठी माणसं एवढं सोसतात कारण ते नाव लागलं की आपलंही माणूसपण पाटीवर लागतं. आपण तर बाप्तिस्म्याच्या वेळी कपाळावर पाणी घेऊन एक नाव आयुष्यभरासाठी घेतलंय, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. मग ते आपल्या वहीत, काट्यावर, पगाराच्या पाकिटात दिसायला नको का?

आमच्या घरात संध्याकाळची प्रार्थना असते. मी पोरांना एवढंच सांगते की प्रभूची प्रार्थना म्हणताना पहिल्या ओळीनंतर श्वास घ्या. धाकटा मुद्दाम मोठा श्वास घेतो, घेऊ दे. आणि शनिवारी, रविवारच्या आधी, घरकाम करणाऱ्या ताईंचे, दूधवाल्याचे, इस्त्रीवाल्याचे जे असतील ते पैसे देऊन टाकायचे. चर्चला जाताना कुणाचं देणं मागं ठेवून जायचं नाही, हे मोठ्या मुलीनंच लावून घेतलंय, तिनं लेवीय वाचल्यापासून.

ह्या वर्षीच्या ख्रिसमसची मीटिंग पुढच्या आठवड्यात आहे. मी दोन गोष्टी मांडणार आहे. फ्लेक्सवर कुठल्याही माणसाचा फोटो नको, आणि मागच्या वर्षीच्या मंडपवाल्याचे जे पैसे अजून राहिलेत ते नवीन वर्गणीतून सगळ्यात आधी द्यायचे. मंडपवाला ख्रिस्ती नाही, तीनदा येऊन गेला, पाळकसाहेबांच्या दारात चहा पिऊन परत गेला. वर्गणी कमी पडली तर ह्या वर्षी मंडप लहान घालू.